हेमी जे बोलला नव्हता

काही वर्षांपूर्वी न्यूझीलंडहून परत आल्यावर मी याच दिवाळी अंकात एक लेख लिहिला होता. त्यात हिरवी कुरणं होती, छताला निळे किडे लुकलुकणारी गुहा होती, कुठेही हॉर्न न वाजवणारी माणसं होती. लेख बऱ्याच जणांना आवडला. आमच्या इस्लामपुरात बँकेच्या रांगेत दोघांनी मला थांबवून सांगितलं, "सर, शेवट फार छान केलात."

तो शेवट असा होता. हेमी नावाचा एक वृद्ध माओरी गृहस्थ नदीकाठी माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "इंग्रज आले म्हणून आम्ही माणसात आलो. जुन्या गोष्टी आम्ही केव्हाच विसरलो."

हेमी खरा आहे. नदी खरी आहे. खांद्यावरचा हातही खरा आहे. वाक्य खोटं आहे. ते मी इस्लामपुरात, आमच्या सोप्यात बसून, दुपारच्या जेवणानंतर लिहिलं. यंदा पुन्हा तिकडे जाऊन आलो, आणि हा लेख त्या प्रवासाचा आहे. पहिला ज्यांना आवडला त्यांनी हा जरूर वाचावा. ज्यांनी तो वाचलाच नाही, त्यांचं काही बिघडलेलं नाही.

ऑकलंड

न्यूझीलंडमध्ये उतरणाऱ्या माणसाला आधी भेटतो तो कुत्रा. कान लोंबणारा, अंगात सरकारी जाकीट घातलेला. हा कुत्रा आमच्या सामानाभोवती एक फेरी मारून सुनंदाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या पिशवीपाशी शांतपणे बसला. खाण्याचे पदार्थ आहेत हे आम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून दंड टळला. पण मेतकूट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी सुटली आणि कढीपत्ता पकडला गेला.

"अहो, त्या बाईंना सांगा, परसातला आहे. औषधसुद्धा मारलेलं नाही."

"तेच तर त्यांना नको आहे."

अधिकारी बाईंनी हसून 'किया ओरा' म्हटलं, आमच्या 'राम राम'सारखं, आणि कढीपत्ता पिवळ्या डब्यात टाकला. सुनंदा दारापर्यंत मागे वळून बघत होती.

निखिल, आमचा मुलगा, गाडी घेऊन आला होता. तो हॅमिल्टनला दुधाच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. हॅमिल्टन तिथून दीड-दोन तासांवर. वाटेत फ्लॅट बुशला त्याच्या एका पुणेकर मित्राकडे चहा झाला. एकसारख्या रंगाच्या मोठमोठ्या घरांच्या त्या वस्तीत निखिललाही दोनदा चुकायला झालं. मित्राने पोहे केले होते. पुढ्यात बशी ठेवता ठेवता तो म्हणाला, "काका, तुमचा लेख आम्ही इथल्या मराठी ग्रुपवर टाकला होता. हीप्स लाइक्स! शेवट तर एकदम स्वीट ॲज." म्हणजे तिकडच्या बोलीत, ढीगभर लाइक्स आणि शेवट एकदम झकास.

निखिल कपात बघत राहिला. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

गाडी दक्षिणेच्या हमरस्त्याला लागली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तो लेख अरोहाने वाचला."

अरोहा ही हेमीची मुलगी. हॅमिल्टनच्या इस्पितळात नर्स आहे. माझी सून केतकी तिथेच प्रयोगशाळेत काम करते. त्या दोघींच्या मैत्रीमुळेच मागच्या खेपेला हेमी आमच्याकडे येऊ-जाऊ लागला होता.

"तिला मराठी कुठे येतं?"

"केतकीनेच पान दाखवलं, कौतुकाने. मातुआंचा फोटो होता ना त्यात." तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मातुआ म्हणतात, निखिल हेमीला तशीच हाक मारतो. "अरोहाने त्याच्यावर फोन धरला. फोन इंग्रजी करून देतो."

"सगळं वाचलं?"

"सगळं कशाला? शेवट पुरे झाला."

"कधी?"

"वर्ष होऊन गेलं. फोनवर काय सांगणार होतो तुम्हाला?"

मागच्या सीटवरून सुनंदा म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं. ते असं काही बोलल्याचं मला आठवत नाही म्हणून. तर हे म्हणाले, तू तेव्हा चटणी वाटत होतीस."

रंगिरीरी

हमरस्त्याला लागूनच रंगिरीरीचं रणांगण आहे. मागच्या खेपेला हेमीने मला तिथे नेलं होतं, आणि मी लेखात त्याचं वर्णन 'डबा खायला उत्तम जागा' असं केलं होतं. यावेळी मी निखिलला गाडी थांबवायला सांगितली.

बघायला फारसं काही नाही. गवताने भरलेले उंचवटे, मधून गेलेले खंदक, पलीकडे सरोवर, अलीकडे वायकाटो नदी. आपली कृष्णा पावसाळ्याच्या शेवटी जशी संथ आणि जड वाहते, तशी ती बाराही महिने वाहते. वारा असा की माझी टोपी दोनदा खंदकात गेली आणि दोन्ही वेळा निखिल उतरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे इंग्रजांची वस्ती वाढत चालली आणि त्यांना जमीन हवी होती. तेव्हा अनेक माओरी जमातींनी एकत्र येऊन आपला एक राजा निवडला आणि जमीन विकायची नाही असं ठरवलं. बस, एवढाच गुन्हा. गव्हर्नरने त्याला राजद्रोह ठरवलं. १८६३ साली फौज उत्तरेकडचा सीमेचा ओढा ओलांडून आत आली. त्या फौजेत काही पलटणी थेट हिंदुस्थानातून आलेल्या होत्या, आपल्याकडची सत्तावनची धामधूम पाहून. रंगिरीरीला माओरींनी हे खंदक खणले. नदीतून तोफांच्या नावा आल्या. लढणाऱ्यांनी दिवसभर किल्ला धरून ठेवला. दुसऱ्या सकाळी बोलणी करण्यासाठी त्यांनी पांढरं निशाण वर केलं. इंग्रज सैनिक आत शिरले आणि त्यांनी सगळ्यांना कैद केलं. नंतर कायदा झाला: जे बंडखोर, त्यांच्या जमिनी जप्त. त्या जमिनी गोऱ्या शिपायांना वाटल्या गेल्या. हॅमिल्टन शहर अशाच जमिनीवर उभं आहे. त्याला ज्या इंग्रज कप्तानाचं नाव आहे, तो तिथे कधी आलाही नव्हता.

मागच्या वेळी याच उंचवट्यावर हेमी मला म्हणाला होता, "टीचर, माझ्या खापरपणजोबांना इथून नेलं. ते सुटून परत आले तेव्हा त्यांच्या जमिनीवर दुसऱ्याची गुरं चरत होती. गोरे त्यांनाच म्हणाले, तू बंडखोर. आता मला सांग, घरात कोण शिरलं होतं?"

आणि बराच वेळ गेल्यावर, "आम्ही काहीही विसरलेलो नाही. आम्ही फक्त चहा पाजतो."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. उत्तरपत्रिकेत कुणी 'शिपायांचे बंड' लिहिलं की मी लाल रेघ मारून वर 'स्वातंत्र्यसमर' लिहायचो. आमचा वाळव्याचा भाग. बेचाळीस साली ज्यांना इंग्रज दरोडेखोर म्हणत, त्यांना रात्री भाकरी बांधून देणाऱ्या बायकांची नातवंडं माझ्या वर्गात बसत. असा मी, आणि माझ्या लेखात काय लिहिलं? 'माओरींचे बंड मोडल्यावर या प्रदेशाची भरभराट झाली.' लाल रेघ मारायला कुणी नव्हतं.

हॅमिल्टन

निखिलचं घर नदीपासून जवळ, एका उंच काठावर आहे. मागच्या खेपेला आम्ही गेलो ते त्याच्या वास्तुशांतीला. तेव्हा हेमी आला होता. पूजेचा प्रसाद घेतला, बागेत उभा राहिला, माती चिमटीत घेतली आणि अगदी सहज म्हणाला, "इथे आमच्या लोकांचे रताळ्यांचे मळे होते." टोमणा नव्हता. पाहुण्याला जागेची ओळख करून द्यावी तसं तो बोलला.

त्या रात्री सुनंदा मला म्हणाली होती, "म्हणजे आपण कुणाच्या तरी हिसकावलेल्या रानात पूजा घातली की काय?"

मी म्हणालो, "हे कुठे बोलू नकोस."

लेख लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते होतं. इस्लामपुरात लोक विचारत होते, मुलाने घर घेतलं म्हणे. त्या घराखालची माती कुणाची हे मला छापायचं नव्हतं. मग हेमीच्या तोंडूनच सगळं फिटवून टाकलं. मालकच म्हणतोय विसरलो, म्हटल्यावर वाचणाऱ्याने कशाला विचारावं?

या खेपेचे पहिले काही दिवस नेहमीसारखे गेले. नात ईरा शाळेतून आली की मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघांचंही काही अडत नसे. दूध संपलं की कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं. त्याला तिकडे डेअरी म्हणतात, आणि तिथे दुधाखेरीज सगळं आधी दिसतं. फक्त हेमी आला नाही. पूर्वी तो दर आठवड्याला ओढ्यावरची वॉटरक्रेस नावाची भाजी पिशवीभर आणायचा. सुनंदा तिला लसणाची फोडणी देऊन मुगाच्या डाळीत घालायची आणि तो दोन वाट्या पिऊन जायचा.

एका संध्याकाळी मी केतकीला विचारलं, "अरोहा बोलत नाही का तुझ्याशी?"

"बोलते ना. गुड मॉर्निंग म्हणते, वीकेंड कसा गेला विचारते." ती भांडी लावत होती. "मी तुमच्यासाठी सॉरी म्हणून झालंय, बाबा. तीन वेळा."

"मग?"

"ती म्हणाली, नो वरीज. इथे लोक नो वरीज म्हणाले की समजून जायचं."

ईराच्या जन्माच्या वेळी आम्हाला जाता आलं नव्हतं. केतकीचं बाळंतपण अरोहाने काढलं होतं. बाळाला पहिली आंघोळ तिने घातली, केतकीला रात्री उठून खायला तिने घातलं. सख्ख्या बहिणीसारखी ती बाई माझ्या एका वाक्याने केतकीला परकी झाली होती, आणि केतकीने वर्षभर मला एका शब्दाने दुखावलं नव्हतं.

"मला हेमीला भेटायचं आहे," मी म्हणालो.

निरोप गेला. दोन दिवसांनी अरोहामार्फत उत्तर आलं: शनिवारी मराएवर साफसफाई आहे. सगळ्यांनी या. टीचरने जे छापलं ते पुष्कळ लोकांपुढे छापलं. सांगायचं असेल तर पुष्कळ लोकांपुढे सांगावं.

"त्यापेक्षा एक केक पाठवून दिला असता," निखिल म्हणाला.

मराए

मराए म्हणजे जमातीची बैठकीची जागा. पुढे मोकळं अंगण, मागे कोरीव खांबांचं मोठं घर, बाजूला जेवणघर. देऊळ, चावडी आणि थोरल्या घराचा सोपा एकत्र केला तर थोडं जवळ जाता येईल. आमच्यासाठी ती जागा नवी असल्याने आधी रीतसर स्वागत झालं. एका वृद्ध बाईंनी अंगणाच्या त्या टोकाहून लांब सुरात साद घातली. अंगावर काटा आला. मग रांगेने सगळ्यांनी नाकाला नाक लावलं. हेमीनेही लावलं. त्याचा श्वास लागला. अजून खांदे तसेच रुंद होते, हातात मात्र काठी आली होती.

चपला बाहेर काढायच्या हे आम्हाला सांगावं लागलं नाही. मी चुकलो ते जेवणघरात. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि शेजारच्या बाईने ती विजेसारखी उचलली. डोक्याची वस्तू अन्नाच्या जागी ठेवत नाहीत. आपण पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतो. मी नकळत टोपीला नमस्कार केला. एक-दोघं हसले.

सकाळभर आम्ही खिडक्या पुसल्या, पालापाचोळा ओढला. सुनंदा स्वयंपाकघरात शिरली ती बाहेर आलीच नाही. दुपारी जमिनीतल्या खड्ड्यात, तापल्या दगडांवर शिजवलेलं जेवण निघालं. आम्ही मांस खात नाही म्हणून रताळी आणि भोपळा वेगळ्या टोपलीत ठेवला होता. माती-धुराच्या वासाची ती रताळी खाताना मला शेतावरच्या हुरड्याची आठवण झाली.

जेवणानंतर कुणीही उठून बोलावं अशी रीत आहे. मी खिशात इंग्रजीत तयार केलेला कागद घेऊन उभा राहिलो. हेमीने हात वर केला.

"टीचर, ते कोणत्या भाषेत लिहिलं होतंस?"

"मराठीत."

"मग मराठीत सांग. तुझी सून आम्हाला सांगेल."

केतकी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "मी हेमीबद्दल खोटं लिहिलं."

केतकीने इंग्रजीत सांगितलं की बाबांच्या लेखामुळे थोडा गैरसमज झाला.

माझं इंग्रजी तेवढं आहे. "केतकी, गैरसमज नव्हे. खोटं म्हण."

"बाबा, प्लीज."

"तू मला सांभाळून घेते आहेस. घेऊ नकोस."

हेमीला मराठी येत नाही, पण त्याने विचारलं, "ती काय सोडते आहे?"

लग्न होऊन आल्यापासून केतकी चारचौघांत मला कधी उलट बोललेली नाही. आमच्याकडे सुनेने सासऱ्याचं वाक्य मऊ करायचंच असतं, त्यालाच वळण म्हणतात. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग लोकांकडे वळून इंग्रजीत स्पष्ट म्हणाली, "त्यांनी खोटं लिहिलं."

त्यानंतर तिने एकही शब्द मऊ केला नाही. मी सांगितलं की रंगिरीरीला हेमीने मला खरं सगळं सांगितलं होतं आणि मी त्याच्या नेमकं उलट लिहिलं. ज्यांनी आपली जमीन राखली त्यांना मी बंडखोर म्हटलं. माझ्या आजोबांना तसं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला गावात फिरू दिलं नसतं. आणि हे का केलं तेही सांगितलं: माझ्या मुलाचं घर तुमच्या मळ्यावर उभं आहे, ते मला माझ्या गावापासून लपवायचं होतं. हे वाक्य सांगताना केतकीचा आवाज चिरला. निखिल खाली बघत होता. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. हेमी बागेत काय बोलला होता, ते आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

मी बसायला लागलो तर स्वागताची साद घालणाऱ्या बाई म्हणाल्या, "आणि गाणं?"

तिथे भाषण झालं की बोलणाऱ्याच्या माणसांनी उभं राहून गायचं असतं. त्याचा अर्थ, आम्ही याच्या शब्दांमागे आहोत. गाणं नाही तर भाषण अधांतरी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मागे पाहिलं. निखिल अजून खालीच बघत होता.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून हात पुसत आली. "काय म्हणायचंय? सगळ्यांना येतं असं एकच आहे आपल्याकडे," असं म्हणून तिने गणपतीची आरती सुरू केली. टाळ्यांसकट.

"आजी, दॅट्स सो एम्बॅरसिंग," ईरा पुटपुटली आणि उभी राहिली. केतकी तर उभीच होती. तीन बायकांचे तीन सूर लागले. दुसऱ्या कडव्याला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि निखिल माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. तो गात नव्हता, टाळ्या वाजवत होता. ठेका सोपा असल्यामुळे तिथली मुलंही वाजवू लागली.

मग हेमी काठी टेकून उठला.

"वर्षभर मी विचार करत होतो," तो म्हणाला, "की एका देशात, जिथे मी कधी जाणार नाही, तिथे हजारो लोकांना वाटतं की मी असं बोललो. हे खोटं आहे, असं माझे मेलेले लोक तिथे जाऊन थोडेच सांगणार? तू आज इथे सांगितलंस. माझ्या लोकांनी ऐकलं. तुझ्या लोकांनी अजून ऐकलेलं नाही. तेच लिही, तिथेच छाप. आणि छापण्याआधी मला वाचून दाखव."

घराबद्दल तो एवढंच निखिलला म्हणाला, "बागेत रताळी लाव. माती चांगली आहे." निखिलने त्याला विचारलं, कधी लावायची. दोघं बोलत अंगणात गेले. भांडी घासताना अरोहाने केतकीला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "पहिल्यांदा गैरसमज म्हणालीस ना? पुन्हा माझ्याशी असं करू नकोस." केतकी रडली, मग दोघी भांडी घासत राहिल्या.

इस्लामपूर

परत आल्यावर हे सगळं लिहून मी हॅमिल्टनला फोन लावला. पडद्यावर हेमी, अरोहा आणि केतकी दाटीने बसले होते. मी परिच्छेद वाचायचो, केतकी सांगायची. दीड तास लागला.

हेमीने दोन दुरुस्त्या सांगितल्या. पहिली, नुसते मळे म्हणू नकोस. आमच्या लोकांच्या पिठाच्या गिरण्या होत्या, ऑकलंडच्या गोऱ्यांना गहू आम्ही पुरवत होतो, हे लिही. ते इथे लिहिलं.

दुसरी शेवटाबद्दल होती. मी लिहिलं होतं की निरोप घेताना हेमीने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तो हसला. केतकीने ते सांगितलं.

"मी हसलो नव्हतो," हेमी म्हणाला.

मी आठवून पाहिलं. अंगण आठवलं, वारा आठवला, त्याची काठी आठवली. तो हसला नव्हता.

ते वाक्य मी काढलं आहे.